बुजऱ्यांची सोबत

फिश टँकमधली लाकडाची जुनी मुळी परवा धुवायला बाहेर काढली, तेव्हा कळलं की एक लोच कमी आहे. कधी गेली, कशानं गेली, काही पत्ता नाही. कुली लोच हा मासाच तसा. बोटाएवढा लांब, पेन्सिलीहून बारीक, अंगावर तपकिरी नि पिवळसर पट्टे. दिवसभर मुळीखाली, वाळूत नाहीतर फिल्टरच्या पाइपामागे पडून असतो. आठ-आठ दिवस दिसला नाही तरी घरात कुणी विचारत नाही, त्यामुळे मेल्यावरही तो बरेच दिवस घरात जिवंत राहतो. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला तर ती कधी दिसलीच न्हाई. होती का खरंच?"

सासूबाई माळकरी. टँक घरात आला तेव्हा त्यांनी माशांना हरकत घेतली नाही. हरकत होती खाद्याच्या डब्याला. त्या डब्याला सुकटीचा वास येतो, आणि तुळशीमाळ घातलेल्या घरात तो वास नको. म्हणून डबा गॅलरीत राहतो आणि एकादशीला उघडायचा नाही. मासे पंधरवड्याला एक दिवस उपाशी राहिले तर त्यांचं काही बिघडत नाही, उलट पाणी जरा जास्त दिवस स्वच्छ राहतं. त्यामुळे हा नियम मी आनंदानं पाळते, आणि माशांना पुण्य लागतं असं सासूबाई समजतात तेही खोडून काढत नाही.

माझा राग आहे तो दुकानदारांवर. गुलबर्ग्यात (कलबुर्गी झालं 2014 साली, पण तोंडात अजून गुलबर्गाच) कुठल्याही मासे विकणाऱ्याकडे जा, कुठलेही दोन मासे दाखवा आणि विचारा, हे एकत्र चालतील का? उत्तर ठरलेलं: "हौ मॅडम, सब चलते. कुच नै होता." एंजल आणि निऑन टेट्रा? चलते. चलते खरे, एंजल तळहाताएवढा होईपर्यंत. मग रोज सकाळी एकेक निऑन कमी होतो आणि एंजलचं पोट गोल दिसतं. टायगर बार्ब आणि हनी गोरामी? चलते. बार्बला लोंबणारं काही दिसलं की तोडल्याशिवाय राहवत नाही, आणि गोरामीच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर असतात, ज्यांनी तो आंधळ्यासारखा समोरचं चाचपत चालतो. चार दिवसांत त्या दोऱ्यांचे तुकडे. गोरामी भांडत नाही. तो कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, खायला येत नाही, आणि मरतो. दुकानदार म्हणतो, माल कमजोर होता.

बुजऱ्या माशांचा विषय निघाला की मला बिदरची झरणी आठवते. भुयार सुमारे तीनशे मीटर लांब, आत कमरेपासून छातीपर्यंत पाणी, डोक्यावर वटवाघळं, आणि शेवटी नरसिंह. जलासुराला नरसिंहानं मारलं आणि त्याचंच पाणी होऊन ते देवाच्या पायापासून वाहतं, अशी कथा. लहानपणी माहेराहून, भालकीहून आम्ही सगळे गेलो होतो. वडील मला खांद्यावर घ्यायला तयार होते, पण मी तोंडाशीच लोखंडी कठडा धरून बसले. आई रागावली. काकांनी पेढा दाखवला. माझी मूठ सुटेना. तेवढ्यात आतून चार-पाच बायका बाहेर आल्या, औरादकडच्या असाव्यात, लुगडी छातीपर्यंत भिजलेली. कुणाच्या तरी लग्नात आहेरात आलेलं पातेलं पितळेचं होतं की नुसता मुलामा, यावर त्या तावातावानं बोलत होत्या. वटवाघळांबद्दल एक शब्द नाही. नरसिंहाबद्दलही नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी कठडा सोडला.

माशांत या बायकांचं काम करणारे मासे असतात. बुजरा मासा आडोशातून वरच्या पाण्याकडे बघत असतो. तिथे लहान मासे निवांत फिरत असले तर याचा अर्थ वर बगळा नाही, जवळ मोठं तोंड नाही, आणि मग तो हळूच बाहेर येतो. म्हणून "बिचारा घाबरतो, त्याला एकट्याला शांत ठेवू या" ही दया उलटी पडते. रिकाम्या टँकमधला एकटा बुजरा मासा सगळ्यात जास्त लपतो. त्याला सोबत हवी, पण कशी, हे बघावं लागतं. झेब्रा डॅनिओ वरच्या पाण्यात निर्धास्त फिरतात, पण खायला इतके चपळ की गोरामीचं तोंड दाण्यापर्यंत जाईतो दाणा गायब. त्यापेक्षा रासबोरा बरे, वर-मध्ये थव्यानं राहणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तळ लोचसाठी मोकळा ठेवायचा, वाळू बारीक घ्यायची, खडीनं तिचं पोट खरचटतं. आणि लोच एकटी-दुकटी आणायचीच नाही, पाच-सहा तरी हव्यात. दिवा घालवल्यावर बुडणारी गोळी टाकायची, म्हणजे वरच्यांची जेवणं झालेली असतात आणि खालच्यांची सुरू होतात.

हे सगळं पाण्यावर अवलंबून, आणि पाणी आमच्याकडे जड. ज्या शहाबादी फरशीवर निम्म्या महाराष्ट्रानं स्वयंपाक केला, ते शहाबाद आमच्याच जिल्ह्यात. खालचा खडकच चुनखडीचा. त्या फरशीचे तुकडे रचून लोक टँकमध्ये गुहा करतात. दिसते छान, पण दगड झिजत झिजत पाणी आणखी जड करतो. दगडावर ॲसिडचा थेंब टाकून बघावा; फसफसला तर तो टँकबाहेर. जड पाणी गप्पीला आणि मोलीला मानवतं. गोरामी बंगाल-आसामकडचा, लोच जावा-मलायाकडची; त्यांना मऊ पाणी हवं. आम्ही पावसाचं पाणी पिंपात साठवून त्यात मिसळतो. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे गेला की सासूबाई फ्रिजमधली बर्फाची बाटली स्वतः टँकमध्ये तरंगत ठेवतात. होती का खरंच, असं विचारणाऱ्या बाई.

कोणता मासा काय खातो, हा आमच्या भागातला जुना अभ्यास आहे. बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांचं कल्याण, बिदर जिल्ह्यातच. तिथला राजा तिसरा सोमेश्वर, स्वतःला सर्वज्ञ म्हणवून घेणारा, यानं 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ केला. राज्य कसं करावं इथपासून जेवावं काय, खेळावं काय इथपर्यंत सगळं त्यात आहे, आणि त्यात एक मत्स्यविनोद आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय चारायचं, गळ कसा, दोरी कशाची. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानं त्या यादीतल्या माशांची आजची नावं शोधायचा खटाटोप केला. याच ग्रंथात गाण्यांच्या अध्यायात जुन्या मराठीचा एक नमुना सापडतो, शके 1051 चा, म्हणजे इसवी सन 1129. आणि तो आहे मत्स्यावताराचा! माशाच्या रूपानं रसातळातून वेद वर आणणारा नारायण. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग राजा मासे धरायचा की पुजायचा?" दोन्ही. चारून चारून माणसाळवायचे आणि मग गळ टाकायचा, असा तो विनोद. सर्वज्ञ राजाबद्दलचं त्यांचं मत तिथेच ठरलं.

उदगीरचा माझा मावसभाऊ म्हणतो, सीमाभागातले आपण सगळे असेच एका टाकीत टाकलेले मासे. 1956 साली हैदराबाद राज्य मोडलं, बिदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे मुंबई राज्यात, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात. तो भाषणाला उभा राहिला की हे ठरलेलं. मला ते पटत नाही. माशाला टँकच्या बाहेर जाऊन शेजारणीकडून विरजण आणता येत नाही. लग्न होऊन मी गुलबर्ग्याला आले तेव्हा कन्नड मला समजायचं, पण तोंडातून फुटायचं नाही. नळावरच्या बायका आपापसांत कन्नडमध्ये, मध्येच दखनीत, कुणाच्या सुनेवरून, तूरडाळीच्या भावावरून बोलत राहायच्या. "तुम्ही मराठी का हो? बोला ना कन्नड, शिकाल" असं कुणी म्हटलं असतं तर मी रिकामी घागर घेऊन घरी गेले असते. कुणी म्हटलं नाही. एक दिवस डाळीच्या भावात मीही बोलले, आणि चुकीचा भाव सांगितला म्हणून दोघींनी मला झापलं.

झरणीतही कुणी "ये बाळ, काही नाही होत" म्हणत हात पुढे केला असता, तर मी आजही कठड्याशीच असते. काकांचा पेढा फुकट गेलाच होता. म्हणून घरी आलेले पाहुणे काचेवर टिचक्या मारून "कुठंय तुमचा तो साप?" असं विचारतात, तेव्हा मी चहा जरा लवकरच पुढे करते.

पण खरा वैरी टिचकीवाला पाहुणा नव्हे. खरा वैरी सकर. टँक साफ ठेवतो म्हणून दुकानदार तो बोटाएवढा असताना फुकटसुद्धा देतो. दक्षिण अमेरिकेचा मासा, अंगावर चिलखत. वाढतो फूटभर नि वर, रात्री हिंडून तळाची सगळी जागा अडवतो, लोचना मुळीखालूनही हुसकतो. मग लोकांना त्याचं काय करावं कळत नाही आणि ते तो नदीत सोडून देतात. आमची नदी भीमा. वर उजनी धरणात चिलापीनं आधीच बस्तान बसवलंय. 1952 साली परदेशातून देशात आणलेला हा मासा आता तिथल्या मच्छिमारांचा मुख्य माल, आणि नदीतले मूळचे मासे मागे पडत गेले. त्यात आता जाळी फाडणारा सकर.

गेल्या पौर्णिमेला शेजारचे काका बादली घेऊन निघाले होते. आत सकर, वाकडा होऊन कसाबसा मावलेला. गाणगापूरला जातोय, म्हणाले, संगमात सोडतो, जिवाला मोकळं केल्याचं पुण्य. भीमा-अमरजेच्या संगमावर, दत्ताच्या दारात! दारातच आमची जुंपली. मी उजनी सांगितलं, ते दत्त सांगत होते. शेवटी सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, सोडायचंच होतं तर आणलात कशाला?" यावर काकांकडे उत्तर नव्हतं. बस चुकली होतीच. सकर आता त्यांच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात आहे. हौदातलं शेवाळ त्यानं केव्हाच संपवलं, आता त्याला रोज काकडी लागते, आणि ती मी आणावी असं काकांचं म्हणणं आहे.