अनोळखी पाहुणा

शिव्यांच्या यादीत डुकराला आपण जे स्थान दिले आहे, ते त्याने कोणत्या गुणांवर मिळवले याचा मला अजून उलगडा झालेला नाही. दशावतारांत तिसरा मान वराहाचा. पण तोच रस्त्यात भेटला की आपण नाक मुरडतो. चिखलात लोळतो म्हणून त्याला घाणेरडा म्हणावे, तर त्या बिचाऱ्याला घामच जवळजवळ येत नाही. उन्हाची काहिली शमवायला चिखलावाचून दुसरे साधन त्याच्यापाशी नाही. पंखा परवडता तर तोही लोळला नसता!

मी भाषेचा मास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. एका कादंबरीच्या निमित्ताने डुकरांच्या रोगांविषयी वाचू लागलो आणि आफ्रिकन स्वाईन फीव्हरपाशी अडकलो. केनियातल्या या तापाची हकीकत माँटगोमेरी नावाच्या पशुवैद्याने १९२१ साली प्रसिद्ध केली. गोऱ्या वसाहतवाल्यांची डुकरे पटापट मरत होती. तिथल्या रानातला वॉर्टहॉग मात्र तोच विषाणू अंगात बाळगून खुशाल चरतो. विषाणू, वॉर्टहॉग आणि त्याच्या बिळातली गोचीड या तिघांची ओळख फार जुनी. एकमेकांना सांभाळून घ्यायला ते शिकले आहेत. पाळीव डुकराच्या घरी मात्र हा पाहुणा अनोळखी येतो आणि यजमानालाच घेऊन जातो. ताप भरतो, कान काळेनिळे पडतात, आणि बघता बघता खोपटे रिकामे होते.

आफ्रिकेबाहेर तो १९५७ साली लिस्बनला पोहोचला. विमानातले उष्टे डुकरांना घातल्यामुळे, असे मानतात. २००७ साली जॉर्जिया, २०१८ साली चीन, २०२० साली आसाम आणि अरुणाचल. खारवलेल्या, गोठवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने टिकतो. माणसाला तो बाधत नाही, पण माणसाच्या ताटातून हिंडतो.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील डुकरे पाळतात. लग्नकार्यालयातले उष्टे डब्यांत भरून सायकलवरून आणतात. त्यांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"गुरुजी, औषध काय त्याला?"

"औषध नाही. एकदा शिरला की आजूबाजूची सगळी डुकरे मारून पुरावी लागतात."

"आन्‌ येऊच नये म्हणून?"

"उष्टे चांगले अर्धा तास उकळून घालायचे."

ते हसले. "आमच्याच चुलीला सरपण पुरत न्हाई. डुकरांसाठी येगळी चूल मांडू म्हणता?"

मी गप्प झालो. पोरीच्या वह्या, फी, आजारपण, सारे त्या माणसाच्या डुकरांवर चालते. त्याची बँक चार पायांवर उभी आहे.

लशीचे संशोधन चालू आहे. व्हिएतनामने २०२३ साली एका लशीला देशभर परवानगीही दिली. आपल्या वस्तीपर्यंत लस येईल तेव्हा येईल. वॉर्टहॉगला या पाहुण्याशी जुळवून घ्यायला युगे मिळाली. वस्तीतल्या डुकराला जेमतेम आठवडा-दीड आठवडा मिळतो. पण कार्यालयाच्या आचाऱ्याची भट्टी शेवटची पंगत उठल्यावरही बराच वेळ धगधगत असते. तिच्यावर एक पातेले चढवायला विज्ञान लागत नाही. ज्यांनी ताटात टाकले, त्यांनीच ते उकळून द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.