शेवटची पानं नसलेले धारप

नारायण धारप मला पहिल्यांदा भेटले ते अर्धवट. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खासगी वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे एका जुन्या घराची रस्त्याकडची खोली. चारी भिंतींना लाकडी मांडण्या, पुस्तकांना खाकी कव्हरं, पाठीवर शाईनं घातलेले नंबर आणि दाराशी जाड वही घेऊन बसलेले काका. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी, गुरुनाथ नाईक, असे सगळे तिथे दाटीवाटीनं नांदत. खिडकीजवळच्या खणात धारप. सगळ्यांत जास्त फिरलेल्या प्रती त्यांच्याच. शिवण उसवलेली, कोपरे मऊ पडलेले, आणि पुष्कळदा शेवटची आठदहा पानं गायब.

असं एक बिनशेवटाचं पुस्तक परत करायला गेलो तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. काकांनी वही मिटली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बस इथं. पुढचं मी सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. दिवेलागणीची वेळ होती, मागे दोन माणसं पुस्तक बदलायला खोळंबली होती. काकांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. पुस्तक बदलायला आलेली माणसंही ऐकत उभी राहिली. घरी जाताना मी वाड्याच्या जिन्याखालची अंधारी जागा डोळे मिटून ओलांडली.

ते पुस्तक कोणतं हे मी लिहीत नाही. कुणी नव्यानं वाचणार असेल त्याचा रस का घालवा? पुढे नोकरी लागल्यावर पुण्यात त्याची धड प्रत मिळाली. काकांनी सांगितलेल्या गोष्टीतलं निम्मं त्यात नव्हतंच. विहिरीतून येणारी हाक नव्हती, तुळशीपाशी विझलेली पणती नव्हती. ती सगळी त्यांची भर. समोर बसलेल्या पोरासाठी एका माणसानं धंद्याच्या वेळेत एवढं रचावं, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना सांगायला ते राहिले नव्हते. हे माझ्यावरचं पहिलं ऋण.

दुसरं अर्थातच धारपांचं. त्यांचा जन्म 1925 चा, मृत्यू 2008 चा. शिक्षणानं ते रसायनशास्त्राकडचे, आणि त्यांच्या निवेदनात ती शिस्त दिसते. त्यांचा माणूस कधी घाईत घाबरत नाही. घर विकत घेतो, कौलं बदलून घेतो, कुणाचं तरी जुनं पत्र सापडतं, रात्री एक आवाज येतो. तो त्याचं साधं कारण शोधतो, शोधून समाधान मानतो. वाचकही मानतो. मग दुसऱ्या रात्री ते कारण पुरत नाही. इतक्या सावकाश, इतक्या व्यवहारी मराठीत भीती आणणं फार अवघड आहे. स्मशान, कवट्या, किंकाळ्या यांच्याशिवाय नुसत्या बंद खोलीवर ते पानंच्या पानं खेचून नेतात.

पण मी धारपांना मानतो ते भीतीसाठी नव्हे, भीतीनंतर जे येतं त्यासाठी. त्यांच्या जगात दुष्ट शक्ती खरी असते, तशीच मदतही खरी असते. समर्थ येतात. अंगात अफाट सामर्थ्य असलेला, पण बोलायला साधा, थकणारा माणूस. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत असं कुणी येत नाही. तिथे काळोख माणसाच्या आतच असतो आणि दार आतून बंद असतं. मतकरी मोठे लेखक, 'खेकडा' आजही मला एकट्यानं वाचवत नाही. तरी आमच्या घरात आजारपण लांबलं, रात्री जागून काढाव्या लागल्या, तेव्हा उशाशी समर्थकथा होत्या. कुणीतरी येईल आणि काय करायचं ते त्याला माहीत असेल, एवढा दिलासा तेव्हा पुरला.

पुढे अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' हाती लागली, 1975 ची कादंबरी. शब्दकोश जवळ घेऊन वाचत होतो आणि पन्नासेक पानांनंतर पाठ ताठ झाली. हे मला ओळखीचं होतं. ही तर धारपांची 'लुचाई'! धारपांनी उसनं आणलं म्हणून नाक मुरडणारे वाचक मला भेटले आहेत. त्यांचं म्हणणं मी खोडत नाही. मूळ लेखकाचं श्रेय मूळ लेखकाला मिळालंच पाहिजे. पण अमेरिकेतल्या मेन राज्यातलं ते गाव सांगलीच्या पोराला आपलं वाटावं, इतकं त्याला मराठी करणं ही नक्कल नव्हे. किंगपर्यंत मी पोचलो तो धारपांचं बोट धरून.

2018 साली 'तुंबाड' आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं धारपांची एक गोष्ट सांगितली होती, आणि चित्रपटाचं बीज तिथे पडलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. हे वाचलं तेव्हा मला काका आठवले. धारप तिथेही वाचून नव्हे, कुणाच्या तरी तोंडूनच पोचले होते. परीक्षणांच्या यादीत ज्या लेखकाला फारशी जागा मिळाली नाही, त्याची गोष्ट लोकांनी अशी तोंडी सांभाळली, याचा मला अभिमान वाटतो.

सप्टेंबर 2024 मध्ये 'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी भाच्याला घेऊन गेलो. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "मामा, ते धारप कोण म्हणालास?" त्याला मी तिथेच क्रम सांगितला. आधी समर्थकथा, मग 'चंद्रविलास', मग 'लुचाई'. त्यानंतर मतकरी. किंग सगळ्यांत शेवटी, आणि तो इंग्रजीतूनच. 'चंद्रविलास' त्यानं दोन बैठकींत संपवलं. 'लुचाई'ची माझी प्रत सध्या त्याच्याकडे आहे, आणि त्याच्या दोन मित्रांचा नंबर आधीच लागला आहे.