चौरसाचे शंकरपाळे

गणिताशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर सुटला, आणि तो सुटावा म्हणूनच मी कला शाखेत आले, हे इथे कबूल करायला हरकत नाही. (आपल्यापैकी निम्म्यांची तरी हीच कथा असेल!) पण नशिबाची थट्टा पाहा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामात माझ्या वाट्याला आली ती पेठेतल्या एका प्राथमिक शाळेची तिसरी. दर शनिवारी सकाळी. आणि विषय कोणता, तर भूमितीचे आकार!

शाळेला कुणीतरी दहा टॅब देणगी दिले होते. शिपाईमावशी त्यांना सरळ 'पाट्या' म्हणत. "ताई, पाट्या चार्ज झाल्यात हं!" मला तोच शब्द पटला. चाळीस मुले आणि दहा पाट्या, म्हणजे एका पाटीवर चार डोकी आणि आठ हात. बालभारतीच्या पुस्तकांवर हल्ली क्यूआर कोड असतो, तो पाटीला दाखवला की पडद्यावर धडा सुरू होतो. मुलांना तो आवडे, पण त्याहून आवडे पाटीतला आकार ओळखण्याचा खेळ. उत्तर बरोबर आले की टाळ्या, चुकले की भोंगा.

एका शनिवारी पडद्यावर चौरस आला. नेहमीसारखा बैठा नव्हे, एका कोपऱ्यावर उभा. दुसऱ्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने 'पतंग'वर बोट ठेवले. भोंगा. पुन्हा तेच, पुन्हा भोंगा. मी म्हटले, "अगं, चौरसच आहे तो, नुसता वळलाय."

"नाही ताई. हे शंकरपाळं आहे."

वर्ग हसला. तिने मान खाली घातली. ती मान मला चांगली ओळखीची होती. आठवीत फळ्यापाशी खडू हातात घेऊन मी तशीच उभी राहिले होते, तास संपेपर्यंत.

घरी आले तरी ते शंकरपाळे डोक्यातून जाईना. सोमवारी मानसशास्त्राच्या सरांना विचारले. ते म्हणाले, व्हान हीले नावाच्या डच पतिपत्नींनी १९५७ साली यावरच प्रबंध लिहिले आहेत. मूल आधी आकाराचा चेहरा ओळखते. बाजू आणि कोन पाहून ओळखणे ही पुढची पायरी. म्हणजे मुलगी चुकली नव्हती, तिच्या लेखी चेहराच बदलला होता. भोंग्याला ते काय कळणार?

मग आठवले अरविंद गुप्तांचे नाव. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला, टेल्कोतली नोकरी सोडून टाकाऊ वस्तूंची खेळणी करणारा हा माणूस. २००३ पासून कितीतरी वर्षे ते आपल्याच पुण्यात, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, एवढ्यावर त्यांची भूमिती उभी राहते. नळी मिळवायला मात्र तीन दुकाने हिंडावी लागली, तीही सायकलींचे शहर म्हणवलेल्या पुण्यात! काड्यांची गुले खरवडण्यात रविवार गेला.

पुढच्या शनिवारी पाट्या कपाटातच राहिल्या. चार काड्या, चार सांधे : चौरस. समोरासमोरचे दोन कोपरे दाबले, आणि सारा वर्ग ओरडला, "शंकरपाळं!" ती मुलगी ओरडली नाही. तिने आपला चौरस कोपऱ्यावर उभा केला, वहीचा कोपरा त्यात घालून पाहिला, वळवून पुन्हा घालून पाहिला. मग चौरस दाबला आणि वही घातली. आता बसेना.

"ताई, फिरवला तर कोपरे तेवढेच राहतात. दाबला तरच शंकरपाळं होतं."

एवढे मला आठवीत कुणी सांगितले असते तर!

त्रिकोण मात्र दबेना. एका पठ्ठ्याने काडी मोडेपर्यंत दाबून पाहिला. कुणीतरी वर बोट दाखवले. कौलारू छपराखाली लाकडी कैच्या होत्या, त्रिकोणच त्रिकोण. त्या छपराखाली मी चार महिने शिकवत होते.

पाटीवर माझा राग नाही. जिओजेब्रा नावाच्या प्रणालीत बाजू कायम ठेवून कोपरा ओढता येतो, हे मला नंतर समजले, आणि मी तेही वर्गात दाखवले. बोट सरकेल तसा कोनाचा आकडा उतरतो : ९०, ८०, ६०... काड्यांना हे सांगता येत नाही. मुले रंगून गेली. वेण्यांच्या मुलीनेही दोनदा ओढून पाहिले.

"छान आहे," ती म्हणाली, "पण हे दाबताना हाताला काही लागत नाही."

मग तिने विचारले, काड्या घरी नेऊ का? मी अख्खी पिशवी दिली. सोमवारी मावशींचा निरोप आला : नळी संपली, ताईंना आणायला सांगा.