डावं दार

डुक्कर फियाटचं डावं दार परवा तिसऱ्यांदा रंगवलं. बाकीची गाडी कधीच तयार आहे, हे एकच दार हट्टाला पेटलंय. हँडलच्या खाली वीतभर लांबीची एक लाट आहे. ट्यूबलाइट दाराला धरून उभं राहिलं की उजेडाची रेघ पुढून सरळ येते आणि हँडलपाशी कंबर लचकल्यासारखी जरा वाकते. धंद्याबाहेरच्या माणसाला बोट ठेवून दाखवलं तरी दिसणार नाही. मला डोळे मिटले तरी दिसते.

गाडी १९५६ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. गोल पाठ, उलटी उघडणारी पुढची दारं, आणि वर रंग काळा. पांढऱ्या गाडीत पुष्कळ पाप खपतं. काळा रंग चुगलखोर असतो.

ह्या दाराला उसाची ट्रॉली घासली. पूर्वी असा खड्डा आला की मी रंगाच्या खोलीतून बाहेरही यायचो नाही. तो मामांचा प्रांत. अख्खं उद्यमनगर त्यांना मामाच म्हणायचं. आतून ठोकळा, बाहेरून हातोडी, टिक टिक टिक, आणि मधूनच थांबून तळहात फिरवायचे. ताणलेला पत्रा डब्यासारखा वाजायला लागला, की गॅसनं रुपयाएवढा ठिपका लाल करायचे आणि ओलं फडकं दाबायचे. पत्रा आवळून जागेवर. राहिलीच एखादी खोल जागा तर शिसं-कथील ओतून कानशीनं घासायचे. मला म्हणायचे, "माझ्या दारावर लांबीचा डबा उघडायचा न्हाई." लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. कथील धरण्यासाठी लावलेलं ॲसिड नीट धुतलं नाही तर सहा महिन्यांनी माझ्या रंगाला फोड येतात. मी ओरडायचो, ते बिडी पेटवायचे.

गेल्या आषाढात मामा गेले. आता जो पोरगा पत्रा काढतो तो वाईट नाही, पण त्याच्याकडे मशीन आहे. खड्ड्यात बारीक खिळे वेल्ड करतो, खेचतो, खिळे तोडतो, घासतो, आणि म्हणतो, "राहिलेलं लांबीत जाईल." अरे, लांबीत जात नाही, लांबीखाली राहतं! सगळीकडे हेच चाललंय. पातळ हात ठीक, पण बोटाएवढी लांबी थापायची, वर टू-केचा क्लिअर मारायचा, आणि ओल्या काचेसारखी चमकली की रिस्टोरेशन झालं म्हणायचं. त्या काळी कारखान्यातून निघालेल्या फियाटला अशी चमक कधी नव्हती. मी अजून जुना डुकोच मारतो, पावसाळ्यात तो पांढरा पडतो तरी. (डुको हे मुळात एका अमेरिकन रंगाचं नाव. १९२३मध्ये तो ओकलंड गाड्यांवर आला आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. आपल्याकडे अजून कुठल्याही फवाऱ्याच्या रंगाला डुको म्हणतात.)

तर हे दार. सकाळी शेडमध्ये अगदी साफ. पहिल्या खेपेला सरफेसरवर काळ्याची धूळ उडवली, लांब ठोकळ्याला पेपर लावून तिरकं घासलं. काळं राहील तिथं खड्डा. एक ठिपका राहिला नाही. मग रंगवलं आणि दुपारी गाडी उन्हात काढली. पत्रा तापून फुलला, लांबी तिच्या चालीनं फुगली, आणि नकाशातल्या बेटासारखी तिची कड वर आली. दुसऱ्यांदा लांबी पातळ केली. बेट गेलं, लाट आली. तिसऱ्यांदा मी स्वतः मामांचा ठोकळा घेऊन आत हात घातला. दोन तास ठोकलं. पत्रा आणखी ताणला एवढंच.

आता उजव्या दाराचं सांगतो. ही गाडी पूर्वीही आमच्याकडे आली होती, वीसेक वर्षांपूर्वी. तेव्हा उजवं दार ठोकरलेलं होतं. मामांनी काढलं, मी रंगवलं. मालक गाडीभोवती फिरत म्हणाले, "काय हात आहे तुमचा!" मी मान लववून घेतली. मामा दहा फुटांवर हातोडी पुसत होते. त्यांचं नाव मी काढलं नाही. तेव्हाच नाही, कधीच नाही. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक चौकात येते, तेव्हा लोक आत कोण बसलंय ते बघतात आणि मी पत्र्यावरून सरकणारी गर्दी बघतो. प्रतिबिंब तुटतंय का ते. असा माणूस मी. सरळ पत्रा कुणामुळे असतो हे मला कळत नव्हतं असं नाही.

ह्या वेळी उजवं दार खरवडलं तेव्हा वरचा रंग कोरड्या तळ्यासारखा तडकलेला निघाला. डुको जाड झाला की वर्षांनी तडकतो, हे पोरालाही माहीत असतं. मी त्यावर चौदा हात दिले होते. गरज आठांची होती. बाकीचे सहा गावात सांगण्यासाठी. खाली मामांचा पत्रा तसाच, हातोडीचे ठसे खवल्यांसारखे ओळीत, मधे चार बोटांएवढं कथील, काठ कुठं लागत नाही. लांबी नाही. ॲसिडही नाही, ह्या वेळी मात्र त्यांनी नीट धुतलेलं दिसलं. मी तिथं आठच हात मारले. उन्हात काढलं, तळहात फिरवला, ट्यूब धरली. रेघ सुतासारखी.

मालक सोमवारी येणार आहेत. गाडी पुसून शेडमध्ये लावून ठेवली आहे, डावं अंग भिंतीला.