एक दोर, एक पोहरा

ख्रिस्ती मराठीतले काही शब्द प्रथम कानांवर पडले म्हणजे आपल्यासारख्याला गंमत वाटते. 'मंडळी' हा त्यांतलाच एक. आपल्याकडे मंडळी म्हणजे जमलेली चार माणसे. जुन्या पिढीतले गृहस्थ तर बायकोचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करीत. ख्रिस्ती माणूस मंडळी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एकत्र उपासना करणारा सारा समाज असतो. तसाच दुसरा शब्द 'प्रीती'. हा आपण नाटकांना, सिनेमांना आणि भावगीतांना देऊन टाकला आहे. तो उच्चारला की चांदणे आलेच, नदीकाठ आलाच. मराठी बायबलात मात्र हाच शब्द देवासाठी आहे, शेजाऱ्यासाठी आहे आणि, आश्चर्य असे की, वैऱ्यासाठीसुद्धा आहे. रविवारी संध्याकाळी शेजारच्या घरातून पेटीच्या सुरावर 'प्रीती' ऐकू आली की आम्ही पोरे तोंडावर हात धरून खुदखुदत असू. आता साठी उलटल्यावर वाटते की त्या शब्दाचा अर्थ मला कोशात मिळाला नाही, तो त्या घराच्या परसात मिळाला.

आमचे चिखली हे बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. ज्वारी-कापसाचे, आणि अलीकडे सोयाबीनचे. गावाला रेणुकामातेचा आधार. आणि गावापासून फार दूर नाही असा सैलानीबाबांचा दर्गा. होळीच्या सुमारास तिथे जी गर्दी लोटते तिच्यात हिंदू कोण नि मुसलमान कोण हे ओळखून दाखवील त्याला बक्षीस द्यावे. ख्रिस्ती घरे मात्र थोडी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या संस्थेचे मिशनरी वऱ्हाडात उतरले, अकोल्याकडे त्यांनी बस्तान बसवले. मग १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ आला. आईबाप गमावलेली कितीतरी पोरे तेव्हा मिशनच्या आश्रयाला गेली. पंडिता रमाबाईंनीही त्याच काळात दुष्काळी मुलुखांतून शेकडो मुली उचलून केडगावच्या मुक्तिसदनात नेल्या. ज्या बाईंची गोष्ट मी सांगणार आहे त्यांचे आजोबा अशाच पोरांपैकी एक. रस्त्याच्या कडेला सापडलेले. त्यांची जात कोणती हे सांगायला घरचे कोणी उरलेच नव्हते. त्यामुळे आमची आजी जेव्हा जेव्हा त्या घराबद्दल विचारी, "पन मूळचे कोन व हे?", तेव्हा साऱ्या गल्लीत तिला उत्तर देणारा भेटत नसे. आजीचे सोवळे कडक. उत्तर मिळत नाही तोवर पाणी नाही, असा तिचा हिशेब होता.

शेजारी दोघेच. मास्तर शाळेत गणित शिकवीत. बाई घर, परसातली भाजी आणि आल्यागेल्याचे दुखणेखुपणे सांभाळीत. या दोघांशी आमच्या घराचा दावा होता. दोन घरांच्या मध्ये एक बोळ. तो आमचा, असे अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणत. मास्तर म्हणत, आमचा. बोळ हातभर, पण दाव्याची लांबी वर्षानुवर्षांची. तारखेला दोघांना बुलढाण्याला जावे लागे, आणि सोयीची एस. टी. एकच. अण्णा पुढे बसत, मास्तर मागे. एकदा अण्णांजवळ सुटे पैसे नव्हते आणि कंडक्टर चिडला. मागून मास्तरांचा आवाज आला, "दोन बुलढाणा द्या." अण्णा घरी आले ते संतापून. "वैऱ्यानं माझं तिकीट काढलं!" पुढल्या तारखेला ते अर्धा तास आधी स्टँडवर जाऊन उभे राहिले आणि दोन तिकिटे काढून त्यांनी सूड उगवला. पुढे ती पाळीच पडून गेली. दावा कोर्टात अडलेला होता. तिकिटांचा हिशेब मात्र चोख होता.

अशात १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. त्या वर्षीचा महाराष्ट्र ज्यांनी पाहिला त्यांना मिलो नावाची लाल ज्वारी आठवत असेल, सुकडीची चव आठवत असेल, खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा आठवत असतील. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तो त्याच दिवसांच्या अनुभवातून. १९७३ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला. मग गल्लीतल्या एकेका विहिरीने मान टाकली. पाणी राहिले ते मास्तरांच्या परसात, आणि तेही खोल, दोराला गाठी मारमारून काढावे असे.

एके सकाळी बाईंनी परसाचे दार उघडले आणि गल्लीत सांगून पाठवले की ज्याला हवे त्याने दोन घागरी न्याव्यात. अट एकच. विहिरीवर एक दोर आणि एक पोहरा राहील. ज्याने त्याने त्यानेच पाणी काढायचे. स्वतःचा दोर कुणी आणायचा नाही.

ही अट साधी नव्हती. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांसह पाणी प्यायले ते १९२७ साली. त्याला सेहेचाळीस वर्षे होत आली होती, तरी आमच्या गल्लीत कुणाचा पोहरा कुठे बुडावा याचे अलिखित नियम होते. तहान लागलेल्याला पाणी देणे हे पुण्य आपण सगळेच मानतो. त्यासाठी पाणपोया घालतो. पण पाणपोईवरही ओंजळीत वरून ओतलेले पाणी आणि हातात दिलेला पेला यांत फरक असतो. बाईंनी पाणी तर दिलेच, पण देताना कुणाला ओंजळ धरायला लावली नाही, आणि कुणाला मिरवूही दिले नाही. पलीकडल्या वस्तीतल्या बाया आणि आमच्या गल्लीतल्या बाया एका दोराला हात लावू लागल्या. दोघीतिघींनी नाक मुरडले. पण तहान ही मोठी समजूतदार गोष्ट आहे.

आमची आजी मात्र दोन दिवस हटून बसली. लांबच्या सरकारी विहिरीवर रांगेत उभी राहून अर्धी घागर आणी. तिसऱ्या पहाटे, अंधार असतानाच, घागर कमरेवर घेऊन ती मास्तरांच्या परसात शिरली. मी तिच्या पदराला धरून होतो. बाई विहिरीपाशीच होत्या. आजीने दोराकडे पाहिले आणि विचारले, "दोर धुतला का व?"

"धुतला, माय," बाई म्हणाल्या. "रोजच धुते. पण वेगळा नाही ठेवला."

आजी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने पदर खोचला आणि पोहरा आत सोडला. बाई पुढे झाल्या नाहीत, मागेही सरल्या नाहीत. आजीचे हात थकले तेव्हा मात्र त्यांनी न बोलता दोराचे दुसरे टोक धरले. घागर भरली. त्या दिवशी घरात त्या पाण्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. अण्णांनी तर दोन पेले प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी तारखेला गेले.

पुढे मी मोठा झालो, वाचू लागलो, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हाती आली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि घर मोडले. लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही चूल वेगळी, सोवळे वेगळे. टिळकांनी ते चालू दिले. मग एके दिवशी कुणी न सांगता, आपल्याच मनाशी विचार करून, त्यांनी जातिभेद टाकला; बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. ते वाचताना मला आमची आजी आठवली. टिळकांनी वाट पाहिली, बाईंनी अट घातली. वरवर पाहता दोन्ही गोष्टी उलट. पण दोन्हींत समोरच्या माणसाबद्दल एक विश्वास आहे: हे माणूस आज आहे त्याहून मोठे होऊ शकते. प्रीती म्हणजे समोरच्याचे सगळे गोड मानून घेणे, अशी माझी समजूत होती. तसे असते तर बाईंनी आजीसाठी सोवळ्याचा दोर खुंटीला टांगून ठेवला असता. आजी खूष झाली असती, आणि होती तिथेच राहिली असती.

कॉलेजात असताना मी एकदा धीर करून बाईंना विचारले, "आमच्या घरानं तुम्हांला इतकी वर्षं कोर्टात फिरवलं. राग येत नव्हता?"

"येत होता की!" त्या म्हणाल्या. "फार येत होता. राग आला की मी भांडी घासायला बसायची. त्या वर्षांत आमची भांडी बघितली असतीस तू, आरशासारखी!" मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या आजोबांना कुणीतरी जात न विचारता पेज पाजली, बाबा. तेव्हा तर मी आहे. आता मी दाराशी उभी राहून काय विचारू लोकांना?"

मला हे उत्तर कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठे वाटते. त्यात आपण फार चांगले आहोत असा भाव नाही. राग गेला होता असेही त्या म्हणाल्या नाहीत. राग आपल्या जागी होता, भांड्यांपाशी. पाणी आपल्या जागी होते. वैऱ्यावर प्रीती करा ही येशू ख्रिस्ताची आज्ञा ऐकली की आपण म्हणतो, हे संतांचे काम. पण त्या आज्ञेत वैरी आवडलाच पाहिजे असे कुठे आहे? त्याचे तिकीट काढता येते, त्याची घागर ओढता येते. आवडीनिवडीचे मग पाहता येईल.

दाव्याचा निकाल अखेर मास्तरांच्या बाजूने लागला. आता मास्तर बोळ सोडून देतील, अशी गल्लीची अपेक्षा. ख्रिस्ती माणूस ना! मास्तरांनी सोडला नाही. गणिताचे शिक्षक ते. मोजणी करून आपला हातभर बोळ त्यांनी बरोबर घेतला आणि भिंत घातली. पण भिंतीत एक दार ठेवले. अण्णा चार दिवस त्या दाराकडे बघून गुरगुरले. त्या दिवाळीत आजीनेच चकल्या आणि अनारशांचे ताट झाकून माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "जाय, मास्तरीनबाईले देऊन ये. दारातूनच जाय, रस्त्यानं वळसा कायले?" नाताळात तेच ताट करंज्या घेऊन परत आले. रिकामे ताट परत करायचे नाही, हा नियम दोन्ही धर्मांत सारखाच निघाला.

आज आजी नाही, अण्णा नाहीत, मास्तर आणि बाईही नाहीत. घरोघरी नळ आले आणि ती विहीर झाकली गेली. मात्र पाण्याची टंचाई गेली असे म्हणता येत नाही. आणि वेगळे दोर तर आता विहिरीपेक्षा माणसांच्या मनांतच जास्त टांगलेले दिसतात. अशा वेळी मोठमोठ्या सभांतून प्रेमाची आणि बंधुभावाची भाषणे ऐकली की मी गप्प बसतो. भाषणे वाईट नसतात. पण आपल्या परसाचे दार उघडायला सभा लागत नाही. त्याला लागते ती भल्या पहाटे उठण्याची तयारी, कारण रांग लागण्याआधी दोर धुवायचा असतो.