साचा नीट तर भाग नीट

आमच्या चाळीच्या मागच्या बाजूला निळ्या ताडपत्रीखाली एक गाडी उभी असे. १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. आमच्या अण्णांनी ही गाडी एका शेठजींकडे ड्रायव्हर म्हणून पंधरा वर्षे चालवली. २००१ साली शेठजींनी नवी गाडी घेतली, तेव्हा अण्णांनी ही जुनी भंगाराच्या भावात विकत घेतली. लग्नकार्य असो, दवाखाना असो, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही ती उपयोगी पडली.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघू लागली आणि पुढे १९७० च्या दशकात तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. २००० सालाच्या आसपास ती निघायची बंद झाली. कारखाना बंद झाला की सुट्या भागांचाही हळूहळू दुष्काळ पडतो. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या गाडीचे बॉनेट पुढच्या कडेने असे गंजले की बोट आरपार जाई. जुन्या बाजारात मिळाले ते आमच्यापेक्षा गंजके. गॅरेजवाला म्हणाला, “पत्रा मारून देतो, पण दोन पावसाळे काढणार नाही.” २०२१ मध्ये गाडीची पुन्हा नोंदणी करायची होती. मी अण्णांना सांगितले, “आता भंगारात देऊन टाकू.” अण्णा काही बोलले नाहीत. ताडपत्रीची दोरी मात्र त्यांनी पुन्हा घट्ट बांधली.

त्या संध्याकाळी माझा भाचा म्हणाला, “मामा, बॉनेट मी करून देतो. फायबरचे.”

या मुलाबद्दल आधी सांगायला हवे. माझ्या थोरल्या बहिणीचा हा मुलगा. २०१७ साली बारावीला नापास झाला आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका फायबरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. मी बी. कॉम. झालेला, कार्यालयात कारकून, दर रविवारी वस्तीतल्या मुलांना जमवून ‘शिका’ म्हणून सांगणारा. माझ्याच घरातला मुलगा शाळा सोडून अंगाला काचेची खाज घेऊन घरी येतो याची मला लाज वाटे. “पोराला वाया घालवलेस,” असे मी ताईला चारचौघांत बोललो होतो. त्यानंतर दीड-दोन वर्षे भाचा माझ्याशी कामापुरतेच बोले. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला होता, म्हणून हा विषय निघाला.

मी विचारले, “फायबरचे बॉनेट टिकेल का?” तो म्हणाला, “अमेरिकेत १९५३ पासून कॉर्व्हेट गाडीचे अंग फायबरचे आहे. आपल्याकडे बंगलोरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन गाडीसुद्धा फायबरचीच होती.” मला हे माहीत नव्हते. मग त्याने कारण समजावले. पत्र्याचे बॉनेट दाबायला अवजड प्रेस लागतो, पोलादी डाय लागते. एका नगासाठी तो खर्च कोण करणार? फायबरला फक्त साचा आणि हात लागतो. शिवाय त्याला गंज नाही. “पण मामा, गाडीचा तळ आणि खांब फायबरचे करायचे नाहीत. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार अंगावरच आहे. तिथे पत्राच हवा.”

डिसेंबरमध्ये काम सुरू झाले. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने रेझिन नीट सुकत नाही, चिकट राहते, म्हणून तो थांबला होता. चाळीत करू म्हटले तर त्याने ठाम नकार दिला. “वास लहान मुलांना बाधतो.” ताईच्या ओळखीने एक उघडी शेड मिळाली.

पहिले आठ-दहा दिवस फायबरचे नावही नव्हते. जुने बॉनेट ठोकून सरळ करणे, भोके बुजवणे, पुट्टी भरणे, घासणे, पुन्हा भरणे, वॉटर पेपरने पुन्हा घासणे. मी कंटाळून म्हणालो, “हे तर टाकूनच द्यायचे आहे, त्याला एवढे कशाला सजवतोस?” तो म्हणाला, “यावरून साचा निघणार. यात खड्डा राहिला तर साच्यात येईल आणि साच्यातून प्रत्येक बॉनेटमध्ये येईल.”

आम्हा दोघांना पृष्ठभाग अगदी गुळगुळीत वाटला. तेव्हा अण्णा आले. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याला मोतीबिंदू. त्यांनी बॉनेटवर तळहात फिरवला आणि डावीकडे एका जागी थांबले. “इथे बसलेले आहे.” भाच्याने लाकडी पट्टी आडवी धरली, तर खाली खरोखर फट दिसली. इतकी वर्षे रोज सकाळी फडक्याने पुसलेली ती जागा त्यांच्या हाताला पाठ होती. भाच्याने पुन्हा पुट्टी भरली.

मग मेणाचे पाच-सहा हात, त्यावर पीव्हीएचा पातळ थर, म्हणजे साचा मूळ भागाला चिकटत नाही. त्यावर जेलकोट आणि मग काचेच्या मॅटचे थर, रेझिनमध्ये भिजवून रोलरने एकेक बुडबुडा काढत. साचा भागापेक्षा बराच जाड करावा लागतो. सुकताना रेझिन आकसते, म्हणून मागून लाकडी चौकट जोडून तो आठवडाभर तसाच ठेवला. घाईने काढला तर वाकतो.

साचा तयार झाल्यावर खऱ्या बॉनेटची पाळी आली. भाच्याने हिशेब तोंडी मांडला. क्षेत्रफळ साधारण सव्वा चौरस मीटर. तीनशे ग्रॅमची एक मॅट, साडेचारशेच्या दोन. म्हणजे मीटरला बाराशे ग्रॅम, एकूण दीड किलो काच. रेझिन त्याच्या अडीच पट, पावणेचार किलो. हार्डनर दीड टक्का, म्हणजे छप्पन्न ग्रॅम. “पण एकदम कालवायचे नाही. थोडे थोडे. डब्यात जास्त राहिले की तापते, धूर निघतो, आगही लागते.”

मी गप्प झालो. हाच मुलगा शेकडेवारीच्या गणितांना घाबरून नापास झाला होता. मी त्याला कितीदा शिकवायला बसलो आणि कितीदा ओरडून उठलो. इथे तो थंडी-ऊन पाहून अर्ध्या टक्क्याचा फरक करत होता.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. काम सुरू करताना त्याने रबरी मास्क लावला, कार्बनच्या डब्या असलेला. मी कोरोनाचा कापडी मास्क लावून उभा होतो. तो म्हणाला, “मामा, याने धूळ थोडी अडेल, रेझिनची वाफ अडणार नाही. तुम्ही वाऱ्याच्या बाजूला उभे राहा.” मी विचारले, “कारखान्यात असे मास्क देत होते?” तो हसला. तिथे तोंडाला रुमाल बांधत. एकदा हार्डनर डोळ्यात उडाला. मालक म्हणाला, पूस आणि कामाला लाग. एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला ओढत नळाखाली नेले आणि पंधरा-वीस मिनिटे डोळा धुतला, मग दवाखान्यात पाठवले. म्हणून डोळा वाचला. हे त्याने घरी कोणाला सांगितले नव्हते. “सांगितले असते तर तुम्ही म्हणाला असता, शिकला असतास तर ही वेळ आली नसती.”

मी तेच म्हणालो असतो. तीन वर्षांत मी त्याला एकदाही विचारले नव्हते की बाबा रे, तिथे तू श्वासात काय घेतोस?

असो. बिजागरी आणि लॉकच्या जागी त्याने थरांच्या मध्ये लोखंडी पट्ट्या बसवल्या, आतून आडव्या पट्ट्या देऊन ताठपणा आणला. दोन दिवसांनी लाकडी पाचर मारून, कडेने पाणी सोडून बॉनेट साच्यातून सोडवले. कडा ग्राइंडरने कापल्या, तेव्हा चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा. आकार जुनाच, रंगही आरसी बुकात आहे तोच. नव्या बॉनेटला अण्णांनी पुन्हा तळहात फिरवला. फक्त “हां” म्हणाले.

२०२१ मध्ये गाडीचे पासिंग झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, पण हौसेने ही गाडी सांभाळणारे आहेत. त्या एका साच्यातून भाच्याने पुढे चार बॉनेट काढली. आज त्याची स्वतःची छोटी शेड आहे. रिक्षाचे, जुन्या गाड्यांचे भाग तो करतो. हिशेबाची वही मी लिहितो. हाताखाली दोन मुले आहेत आणि रुमाल बांधून कोणी कामाला आला तर तो काम देत नाही.

पालकांनो, मुलांनी शिकावे हे माझे म्हणणे आजही तेच आहे. भाच्यानेही गेल्या वर्षी बाहेरून बारावी दिली आणि पास झाला. परंतु ज्यांची मुले फायबर, रंग, केमिकलच्या कामावर जातात, त्यांनी संध्याकाळी पगाराआधी हे विचारावे: मास्क कोणता मिळतो, हातमोजे आहेत का, डोळा धुवायला पाण्याचा नळ जवळ आहे का? हार्डनर आणि कोबाल्ट ही दोन रसायने एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो, हे मुलाला माहीत आहे का? माहीत नसेल तर त्याच दिवशी सांगावे. आणि तो उत्तर देऊ लागला, तर मध्ये न बोलता ऐकावे. मला हे शिकायला एक गंजलेले बॉनेट लागले.