पोट भरलेलं, डोकं फिरलेलं

आमच्या घरी कुणाचं पोट बिघडलं की पाच मिनिटांत निदान तयार. आई म्हणणार, ‘बाहेरचं खाल्लंस!’ बाबा म्हणणार, ‘जागरणं!’ मित्रांचं ठरलेलं, ‘टेन्शन, बॉस!’ कुणी कधी चुकतच नाही, कारण कुणी काही तपासतच नाही. माझा तर धंदाच अंदाज बांधायचा, म्हणून कॅलिफोर्नियाची एक केस माझ्या डोक्यातून जात नाही.

१९९८ च्या मे-जूनमध्ये तिथल्या किनाऱ्यावर ४०० हून जास्त सी लायन मेले. कितीतरी जण वाळूवर झटके देत होते, मान डोलवत होते. वर्ष एल निनोचं, त्यामुळे ‘उपासमार’ हे सोप्पं उत्तर हाताशी होतं. पण हे प्राणी चांगले धष्टपुष्ट! पोट भरलेलं आणि मेंदू बिघडलेला. मग खाण्यातच काही असेल का?

शंका हवेतली नव्हती. १९८७ मध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली होती. काही दगावली, काहींची स्मरणशक्ती गेली. विष होतं डोमोइक आम्ल, आणि ते बनवतं सुडो-नित्झिया नावाचं सूक्ष्म शैवाल. १९९१ मध्ये मॉन्टेरे उपसागरात याच विषाने पेलिकन मेले होते.

आता खरा फंडा. अंदाज बरोबर असेल तर काय काय सापडायलाच हवं? पाण्यात ते शैवाल, ते खाणाऱ्या माशात विष आणि सी लायनच्या शरीरातही तेच विष. एक कडी निसटली की खेळ खल्लास. पण सगळ्या सापडल्या. शैवाल खाणारा मासा होता अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला. सी लायनच्या विष्ठेतही शैवालाची काचेसारखी कवचं मिळाली. (ती शोधणाऱ्यांना आपला सलाम!)

गंमत पुढेच आहे. समुद्रातलं असं विष ओळखायला एरवी शिंपले तपासतात. त्याच दिवसांतल्या शिंपल्यांत मात्र विष नव्हतंच, किंवा अगदी नावापुरतं. तेवढाच रिपोर्ट कुणी पाहिला असता तर फाइल बंद! नुसत्या शिंपल्यांवर विसंबू नका, असं संशोधकांनी २००० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, धोका कदाचित माणसांनाही आहे, हेसुद्धा. अँकोव्ही काय फक्त सी लायनच खातात? पिझ्झावरही असतात की.